थ्रॉम्बोसायटोपीनियाचे गण

शेजारच्या वहिनींची भाची जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे संध्याकाळी टीव्ही चालू असतो, धाकट्यांचा दंगा असतो, म्हणून ती पुस्तक-वही घेऊन आमच्याकडे येते आणि जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचते. मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही. तिच्या झेडपीच्या शाळेत सगळे तसेच वाचायचे. त्या दिवशी मी आत मेथी निवडत होते. पावसाची झड लागलेली, आणि बाहेरच्या खोलीतून तिचा मराठवाडी हेल असलेला इंग्रजी आवाज येत होता. अर्थाकडे माझं लक्ष नव्हतं, नुसती लय कानावर पडत होती, आणि ती लय राहून राहून तुटत होती. 'द पेशंट विथ' इथपर्यंत आवाज खणखणीत. मग एकदम खाली, पुटपुटल्यासारखं 'हं-हं-हं', आणि लगेच 'शुड बी ऑब्झर्व्हड फॉर ब्लीडिंग' पुन्हा मोठ्याने. दर दोन-तीन वाक्यांनी हेच. वाक्य पुढे जायचं आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मागे राहायचा.

मी हात पुसत बाहेर गेले. "मधलं काय गाळलंस गं?" तर म्हणाली, "बाई, तो मोठा शब्द आहे. तो मी लिहून लिहून पाठ करणार." (गल्लीतली सगळीच मुलं मला बाई म्हणतात, मी कुणाच्या शाळेत होते न होते, याचा त्याच्याशी संबंध राहिलेला नाही.) तिने बोट ठेवलेला शब्द थ्रॉम्बोसायटोपीनिया होता, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होणं. वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला, सलग, कुठेही न तोडता. पानभर असे पेन्सिलीचे शब्द. तिला ते शब्द नजरेने ओळखता येत होते, गर्दीत एखादा माणूस पाठमोरा ओळखावा तसे: सुरुवात अशी, शेवट असा, म्हणजे तोच. तोंडाने मात्र एकही उच्चारवत नव्हता. थोडं खोदल्यावर कळलं की वॉर्डात एकदा तिने धाप लागण्याला जो शब्द आहे, डिस्प्निया, तो स्पेलिंगप्रमाणे 'डिस्पनोइया' असा उच्चारला आणि राउंडला असलेली मंडळी हसली. तेव्हापासून ती फक्त आखूड नावं घेते. बीपी, एचबी, ईसीजी. लांब शब्द आला की आवाज खाली.

ते 'हं-हं-हं' माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं. पण शब्द शिकवायची पद्धत या सगळ्या काळात फारशी हलली नाही. स्पेलिंग पाठ. सकाळच्या शाळेत, फरशीच्या गारव्यावर मांडी घालून, अंग पुढे-मागे हलवत आम्ही म्हणायचो: बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल, ब्यूटिफुल, ब्यूटिफुल म्हणजे सुंदर. अक्षरांची एक लांब माळ, शेवटी एक उच्चार, त्याच्यापुढे एक अर्थ. माळेतल्या अक्षरांचा त्या उच्चाराशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आणि तरीही मुलं शब्द तोडतच होती. तोडल्याशिवाय माणसाला लांब काही लक्षातच राहत नाही. वेन्सडेचं स्पेलिंग 'वेड-नेस-डे' म्हणून पाठ व्हायचं. टुगेदर म्हणजे 'टू-गेट-हर'. लेफ्टनंटचं स्पेलिंग तर पिढ्यान्‌पिढ्या 'खोटं-तू-दहा-मुंग्या' असं चालत आलं आहे: लाय, यू, टेन, अँट. त्या तुकड्यांचा मूळ शब्दाशी काडीचा संबंध नसतो, पण तोडायची गरज खरी असते. मला वाटतं, शाळेने ही गरज ओळखून मुलांच्या हातात खरे तुकडे द्यायला हवे होते. ते तुकडे शाळेत होतेही, फक्त दुसऱ्या तासाला.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. नववी-दहावीला वृत्तं. आता पुष्कळांना ते सगळं निरर्थक वाटतं, आणि ज्या पद्धतीने ते परीक्षेत विचारलं जातं ते पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मीही म्हणणार नाही. पण वर्गातला तो तास मला फार आवडायचा. फळ्यावर ओळ लिहायची, लघुवर म्हणजे हलक्या अक्षरावर अर्धचंद्र, गुरूवर म्हणजे जड अक्षरावर आडवी रेघ, तीन-तीन अक्षरांवर उभे दंड, आणि चाळीस-पन्नास मुलं बाकावर बोटं आपटत 'यमाताराजभानसलगम्' म्हणत गण पाडताहेत. भुजंगप्रयाताचे चार यगण मुलांना मनाच्या श्लोकांमुळे आधीच अंगात भिनलेले असायचे. ज्याला व्याकरणात दोन गुण मिळायचे नाहीत असा मुलगाही ताल धरला की बरोबर सांगायचा, "बाई, इथं गुरू पाहिजे." कान आधी ऐकतो, नियम मागून येतो. त्या नियमांत एक नियम होता, तो शिकवताना मी नेहमी थांबायचे: जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, पण त्यावर आघात येत असेल तरच. 'पुस्तक'मधला पु गुरू, कारण स्तवर जाताना त्याच्यावर जोर पडतो. 'दुसऱ्या'मधला स लघुच राहतो, कारण तिथे जोर नाही. म्हणजे आघात ही गोष्ट मराठीच्या पुस्तकात आहे. दहावीचं प्रत्येक मूल ती एकदा तरी शिकतं, आणि मग विसरून जातं.

तर त्या संध्याकाळी मेथी तशीच ठेवली आणि तिच्या वहीवर लिहिलं: थ्रॉम्-बो-साय्-टो-पी-नि-आ. सात तुकडे. "गण पाड," म्हटलं. ती हसली, पण टेबलावर बोटं वाजवायला लागली. शाळेतली सवय होती, चटकन जमलं. मग मी म्हटलं, शेवटून मोज. शेवटून दुसरं अक्षर काय आहे? नि. लघु की गुरू? लघु. मग त्याच्या मागचं, शेवटून तिसरं, ते उचलून म्हण. पी. थ्रॉम्बोसायटो-पी-निया. तिने म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा शब्द एका दमात आला, मधे कुठे न अडकता, आणि पीवर आवाज वर गेला.

हा नियम माझा नाही, रोमन लोकांचा आहे. लॅटिनमध्ये शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या मागच्यावर. इंग्रजीतले डॉक्टरी शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन, ग्रीक शब्दही लॅटिनच्या वाटेने आलेले, त्यामुळे त्यांच्यात हा नियम अजून जिवंत आहे. आणि गुरू कशाला म्हणायचं याची त्यांची व्याख्या आपल्याच वळणाची: स्वर दीर्घ असेल, किंवा पुढे व्यंजनं साचून अक्षर जड झालं असेल, तर गुरू. अपेंडिक्समध्ये 'पें' अनुस्वाराने गुरू, म्हणून आघात तिथेच. डुओडीनममध्ये 'डी' दीर्घ, आघात तिथे. थ्रॉम्बोसिसमध्ये 'बो'. टेटनसमध्ये मधला 'ट' लघु, म्हणून आघात मागे सरकून 'टे'वर. कॉलरा, यूटरस, तसंच. इसॉफगसमध्ये 'फ' लघु, आघात 'सॉ'वर. आम्ही तिच्या पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची घेऊन बसलो आणि एकामागून एक शब्द याच मापाने उलगडत गेला. सुजेचा प्रत्यय 'आयटिस' नेहमी जोरात का म्हणतात? कारण त्यातला 'आय' दीर्घ आहे: टॉन्सिलायटिस, हेपटायटिस, अपेंडिसायटिस. कापून काढण्याचा 'एक्टमी', त्यात 'ट' लघु, म्हणून जोर 'एक्'वर: कोलिसिस्टेक्टमी. ज्याला आपण सर्रास थर्मामीटर म्हणतो, त्याला इंग्रज थर्मॉमिटर म्हणतो, कारण त्याच्या तोंडी तो 'मि' लघु आहे. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. शेपूट बदललं की आघात सरकतो. हे सगळं 'ऐकून ऐकून येतं' असं आम्हाला सांगितलं जायचं. ज्यांच्या घरात ऐकायलाच मिळत नाही, त्यांनी काय करायचं, याचं उत्तर कुणी देत नसे. वृत्ताच्या वहीत ते पडून होतं.

एक गोष्ट मात्र आपल्या कानाला खरंच नवी आहे, आणि तिच्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. मराठीत अक्षर लघु असो की गुरू, त्याचा स्वर आपलं रूप सोडत नाही. इ ही इच राहते, ओ हा ओच. इंग्रजीत ज्या अक्षरावर आघात नाही त्याचा स्वर विरघळून जातो आणि बहुतेक वेळा त्याचा 'अ' होतो. फोटोग्राफरमधला पहिला 'फो' फिका पडून 'फ' होतो: फटॉग्रफर. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच, तोंड अर्धवट उघडून निघणारा अ. त्यासाठी त्यांच्या सव्वीस अक्षरांत स्वतंत्र अक्षर नाही. कधी ए, कधी ई, कधी ओ, कधी यू, कुठल्याही वेषात तो लपलेला असतो. इंग्रज मुलंही त्यामुळेच स्पेलिंगला अडतात. आपली वर्णमाला मात्र त्याच स्वराने सुरू होते आणि आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात तो बसलेला आहे. ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं तर आपण मुद्दाम इंग्रजी शब्दांसाठी केली. म्हणजे इंग्रजी उच्चार नीट लिहून घ्यायला देवनागरीसारखी सोय दुसरी मिळणं कठीण. पण आपण उच्चार लिहीतच नाही, स्पेलिंगचं लिप्यंतर करतो. ओ दिसला की ओ लिहायचा. तिच्या पेन्सिलीच्या शब्दांतही तेच झालं होतं: सगळे स्वर पूर्ण वजनाचे, एकही दबलेला नाही, आणि त्यामुळे एकही उठून आलेला नाही. सगळ्या अक्षरांवर सारखा जोर दिला की जीभ थकते, शब्द अवजड वाटतो. जड अक्षर एक, बाकीची त्याच्या आसऱ्याने चालणारी, हे कळलं की सात अक्षरांचा शब्दही हलका होतो.

आघाताने काय होतं, हे आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षरांखाली आडव्या आणि डोक्यावर उभ्या रेघा असतात, त्या स्वरांच्या. पतंजलीच्या महाभाष्यात त्वष्ट्याची कथा येते. इंद्राला मारील असा मुलगा व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला, मंत्रात 'इंद्रशत्रू' असा शब्द आला, आणि म्हणताना स्वर चुकला. उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटी पडता तर तो तत्पुरुष, इंद्राला मारणारा. पडला पहिल्या पदावर, तर झाला बहुव्रीही, इंद्र ज्याला मारणार तो. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. इंग्रजीत रोज हेच घडतं, कुणाचा जीव न जाता. परमिट पहिल्यावर जोर देऊन म्हटलं तर परवाना, दुसऱ्यावर दिला तर परवानगी देणं. रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, सगळे तसेच. ग्रीनहाउस एका आघातात म्हटलं तर रोपांचं काचघर, दोन आघातांत म्हटलं तर हिरव्या रंगाचं घर. समासाचा विग्रह स्वरावरून ठरतो, ही गोष्ट मी संस्कृत शिकताना पोथीतली म्हणून वाचली होती. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ती आजही चालू आहे हे ध्यानात आलं तेव्हा मला एकदम त्या भाषेविषयी आपुलकी वाटली. इतकी वर्षं ती माझ्या मनात साहेबाची भाषा म्हणून अंतरावर उभी होती.

पुढच्या संध्याकाळी आम्ही तुकड्यांचे अर्थ घेतले. इथे तर मला माझ्याच घरातली माणसं भेटल्यासारखं झालं. ॲनिमिया घ्या. तिच्या शाळेत मुलींना लोहाच्या गोळ्या वाटायचे, तेव्हापासून हा शब्द तिला माहीत. हैमा म्हणजे ग्रीकमध्ये रक्त, आणि त्याच्या आधी 'अन्', म्हणजे नाही. त्यांच्याकडे नकाराचा उपसर्ग व्यंजनापुढे 'अ' असतो आणि स्वरापुढे 'अन्'. हैमातला ह त्यांच्या लेखी नुसता श्वास, म्हणून अन्. आपल्याकडे? अज्ञान, पण अनंत. अभाव, पण अनादर. तोच उपसर्ग, तोच नियम, एकाच पूर्वजाकडून आलेला. नववीत नञ् तत्पुरुष शिकलेल्या मुलीला असेप्सिस आणि ॲनिस्थीशिया यांत एकाला 'अ' आणि दुसऱ्याला 'अन्' का, हे वेगळं सांगावं लागत नाही. डिस्प्नियातला 'डिस्' म्हणजे आपला दुस्, दुर्गंधातला, दुष्काळातला. पेरिकार्डियममधला 'पेरि' म्हणजे परि, हृदयाभोवतीचं आवरण. हिपॅटिक शब्दातलं यकृत, ग्रीक हेपार, आणि आपलं 'यकृत' हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, ओळखू येऊ नयेत इतके दूर गेलेले चुलतभाऊ. एन्टेरॉन म्हणजे आंत्र, त्याचंच आपलं आतडं. मग डिसेंट्री म्हणजे काय, हे तिने स्वतः सांगितलं: "दुस् अधिक आंत्र. आतडं बिघडलं." आणि मग जरा वेळाने, पेन्सिल चावत, "बाई, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मलाही पुरं करता आलं नाही, कारण त्याच शाळांमध्ये मराठी शिकवणाऱ्यांपैकी मी एक, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या इंग्रजीच्या बाईंशी माझं बोलणं डब्याचं आणि पेपर तपासण्याचं व्हायचं.

हे शब्द कुणी पाणवठ्यावर बोलता बोलता घडवलेले नाहीत. ते टेबलाशी बसून जोडलेले आहेत. रने लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, ठोके स्पष्ट ऐकू आले, आणि पुढे त्या साधनाला नाव देताना ग्रीकमधला छातीचा शब्द आणि पाहण्याचा शब्द एकत्र करून स्टेथोस्कोप केला. अपेंडिसायटिस हा शब्द 1886 मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रुजवला. ज्यांनी हे शब्द जोडले त्यांना प्रत्येक सुटा भाग माहीत होता. शब्द जोडून तयार झाला, तर तो शिकवताना सुटा करून दाखवायला नको का? आपण मुतखडा म्हणतो तेव्हा दोन्ही पदं कानाला वेगळी ऐकू येतात, म्हणून अर्थ शिकवावा लागत नाही. नेफ्रोलिथायसिसमध्येही नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड आणि लिथ म्हणजे दगड आहेच. पदं परकी म्हणून ऐकू येत नाहीत, एवढंच.

आता एक अडचण, आणि ती मुलांना फार छळते. उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे एकाच जागी पडत नाहीत. म्हणताना हे-प-टाय्-टिस, अर्थ लावताना हेपट् अधिक आयटिस. हेलिकॉप्टरचं तर सगळ्या जगाने उच्चाराप्रमाणे हेलि-कॉप्टर केलं आणि त्यावरून हेलिपॅड काढलं. मुळात तो हेलिको म्हणजे मळसूत्र आणि प्टेर म्हणजे पंख. वृत्त शिकलेल्याला हे नवीन नाही. यती, म्हणजे ओळीत थांबायची जागा, शब्दाच्या मधोमध आला की यतिभंग होतो, ठेका एक सांगतो आणि अर्थ दुसरं. म्हणणारा दोन्ही सांभाळून म्हणतो. तिला मी दोन रंगांची पेनं दिली. निळ्याने ठेका, लालने अर्थ. एकाच शब्दावर दोन वेगळ्या ठिकाणी दंड पडलेले पाहून ती आधी गोंधळली, पण दोन-चार दिवसांत सरावली. परवा तिने पंचेचाळीस अक्षरांचा तो प्रसिद्ध शब्द कुठूनसा शोधून आणला, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी 1935 मध्ये मुद्दाम लांबवलेला. फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, रोग. आघात 'ओसिस'च्या ओवर, आमच्या नियमाप्रमाणेच. तो शब्द तिला कधी लागणार नाही. तरी वहिनींच्या दोन्ही मुलांसमोर तिने तो म्हणून दाखवला.

आणि तरी माझ्या मनात एक रुखरुख आहेच. ज्या रुग्णाला धाप लागली आहे त्याच्याजवळ ही मुलगी जाते आणि म्हणते, "आजोबा, दम लागतोय का? उशी जरा उंच करू?" त्या दोन वाक्यांत जेवढी शुश्रूषा आहे तेवढी डिस्प्नियाच्या अचूक उच्चारात नाही. तिला हसणाऱ्यांपैकी किती जणांना ती दोन वाक्यं तशी म्हणता आली असती? पण वॉर्डात तिच्याबरोबर केरळच्या सिस्टर आहेत, औषधांचे चार्ट इंग्रजीत आहेत, पाळी बदलताना निरोप इंग्रजीत द्यायचा आहे. तिथे शब्द गिळून चालत नाही. म्हणून उच्चार हवा. मात्र तो साहेबासारखा हवा असं मी मुळीच मानत नाही, आणि याला एक भक्कम कारण आहे. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन, हायपरग्लायसीमिया आणि हायपोग्लायसीमिया. उपचार एकदम उलटे. दोन्ही शब्दांत आघात पुढच्या भागावर, त्यामुळे ज्या अक्षराने जीव वाचायचा ते अक्षर दबलेलं. लंडनच्या उच्चारात तर हायपरचा 'र' म्हटलाच जात नाही. उरतो नुसता 'प' आणि 'पो' यांतला बारीक फरक. आपण मराठी माणसं तो र ठणठणीत म्हणतो. तिला मी सांगितलं, बाकी सगळीकडे अक्षरं दाबायला शिक, पण हा र सोडू नकोस. हायपर म्हणजे आपलं उपरि, वरचं. हायपो म्हणजे आपलं उप, खालचं, उपाध्यक्षातलं. र असला तर वर. कुणी म्हटलं की हा गावंढळ उच्चार आहे, तर म्हणू दे.

माझ्या जुन्या शाळेत आता मराठीला आणि इंग्रजीला तरुण शिक्षक आहेत. दोघांना एका दुपारी घरी बोलावलं, चहाबरोबर तिच्या वहीची पानं दाखवली. मराठीचे सर लगेच म्हणाले, नञ् तत्पुरुषाच्या उदाहरणांत ॲनिमिया घालायला काहीच हरकत नाही, मुलांना तो माहीतच आहे. इंग्रजीच्या बाई जरा सावध होत्या. त्यांचं म्हणणं, नियम दिला की मुलं त्यालाच धरून बसतात. 'इक'ने संपणाऱ्या शब्दांत आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर, असं त्या शिकवतात: इकॉनॉमिक, हिस्टॉरिक, सायंटिफिक. आणि मग पॉलिटिक्स येतं, अरिथमॅटिक येतं, कॅथलिक येतं, आणि तीनही नियम मोडतात. त्यावर मराठीचे सर म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घाचे आमचे नियम तरी कुठे अपवादाशिवाय आहेत. वहीत मागच्या पानावर अपवादांची यादी करायची. दोघांनी नववीच्या एका तुकडीवर एक तास एकत्र घ्यायचं ठरवलं आहे. वेळापत्रकात तो बसेल की नाही हे अजून नक्की नाही.

भाची आता प्रश्न घेऊनच येते. काल विचारत होती, थर्मॉमिटरला आघात 'मॉ'वर, बॅरॉमिटर तसंच, मग सेंटिमीटरला 'टि'वर का नाही? मी शब्दकोश काढला, उच्चाराच्या आधीची ती छोटी उभी रेघ कुठे आहे ते दोघींनी मिळून शोधलं. मोजण्याचं यंत्र असेल तर जोर 'मिटर'च्या आधीच्या अक्षरावर. मोजायचं एकक असेल तर 'मीटर' दीर्घ राहतो आणि जोर जातो पहिल्या अक्षरावर: सेंटिमीटर, मिलिमीटर. किलोमीटरपाशी मात्र शब्दकोशाने दोन उच्चार दिले आहेत, एक 'कि'वर जोर देणारा आणि एक 'लॉ'वर, आणि इंग्रजी बोलणारे लोक दोन्ही वापरतात. तिने विचारलं, "मग मी कुठला म्हणू?" मी म्हटलं, एककाचा नियम तुला पटला असेल तर पहिला.